अर्ध्या रुंदीची नाव

बिदरात बसून कुणी नावा करतं का, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता समोरच्याचं तोंड बघूनच ओळखते, हा तेच विचारणार. नावा करत नव्हतो, बाबांनो, नावांचे नक्शे करत होतो. पण हे सांगूनही लोकांचं हसू थांबायचं नाही. "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून," आमच्या मैलूर भागातले लोक म्हणायचे, "हितं आडालाच पाणी न्हाई आन हे नावा करायलेत." हसा म्हणावं. मुंबईचे श्रीमंत लोक हौसेनं समुद्रात शिडाच्या नावा पळवायचे, यॉट म्हणतात त्यांना, त्यांतल्या कितीतरी आमच्या घरच्या फरशीवर जन्मल्या. मी मात्र समुद्र कधी पाहिला नाही. तेही आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी काढायला नको.

आम्ही सुतार. वडिलांना अप्पा म्हणायचो. अप्पा निजामाच्या राज्यात पोरवयात मुंबईला पळून गेले, नावा बांधणाऱ्या एका कारखान्यात रंधा मारता मारता नक्शे काढायला शिकले आणि माझ्या जन्माच्या थोडं आधी गावी परतले. आईला मुंबईची दमट हवा सोसत नव्हती. गावी येऊनही ती फार वर्षं जगली नाही. पण मुंबईचे मालक लोक नक्शे मात्र अप्पांकडूनच करून घ्यायचे. टपालानं पत्र यायचं, नाव एवढी लांब, एवढी माणसं बसणार, एवढं शीड. आम्ही नक्शा करून, गुंडाळी बांधून रेल्वेनं पाठवायचो.

आम्ही म्हणजे घरचे चौघं. नक्शा डोक्यातून कागदावर आणायचे ते अप्पा. नाव किती भाराला किती बुडेल याची आकडेमोड करायचा आणि मुंबईला इंग्रजीत पत्रं लिहायचा तो माझा थोरला भाऊ, अण्णा. मापं मोठ्यानं वाचून दाखवायची आणि आल्यागेल्याला फरशीवर पाय ठेवू द्यायची नाही ती वैनी, उदगीरची, आवाज असा खणखणीत की मापं शेजारच्या चार घरांना पाठ व्हायची. आणि चौथी मी, तोंडाची फटकळ. हे मी नाही म्हणत, वैनी म्हणायची.

घरातली पुढची लांबलचक खोली म्हणजे आमचा कारखाना. गुळगुळीत शहाबादी फरशी, तेल आणि काजळी चोळून काळी केलेली. कागदावरचा नक्शा झाला की तीच नाव या फरशीवर खडूनं खऱ्या मापात काढायची, कारण कागदावर केसाएवढी झालेली चूक लाकडात बोटाएवढी होते. आणि नाव नेहमी अर्धीच काढायची. मधली रेघ भिंतीलगत धरायची आणि एकच कूस, म्हणजे एकच बाजू, काढायची. दुसरी कूस हुबेहूब तशीच असते, ती कशाला काढा? मापंसुद्धा अर्ध्या रुंदीचीच लिहायची. या धंद्यातल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

नावेचा बाक काढायला एक लांब, लवचिक सागवानी पट्टी होती. ती वाकवायची आणि जागोजागी शिशाची वजनं ठेवून धरायची. त्या वजनांना आम्ही कासवं म्हणायचो. मग माझं काम. मी फरशीवर पालथी पडून गाल टेकवायची, एक डोळा मिटायची आणि पट्टीच्या कडेनं नजर सोडायची. कुठं पोक आलाय, कुठं खड्डा पडलाय, ते सांगायची. "चौथं कासव आत घ्या. अजून थोडं. बास." अप्पा घ्यायचे. कामून, म्हणजे का, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. अण्णाला विचारायचे, मुंबईच्या मालकालासुद्धा पत्रातून विचारायचे. मला नाही. "तिनं सांगितलं म्हंजे झालं," म्हणायचे आणि पट्टीच्या कडेनं रेघ ओढायचे. मला त्याचा केवढा तोरा होता! सव्वीस वर्षांची घोडी झाले होते, घरात लग्नाचं कुणी नाव काढत नव्हतं, आणि मी आपली गालाला खडू फासून मिरवत होते.

लग्नाचं नाव काढलं ते वैनीनं. तिचा एक मावसभाऊ मंठाळला शाळामास्तर होता. "पोरगा गरीब गाय हाय," वैनी मला म्हणाली, "तुज्यासारखीला तसाच पायजे. दुसरा असला तर पंधरा दिसात तुमची डोकी फुटतील." मी म्हटलं, आणायचा तर आण. म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याच्या आगंमागंची ही गोष्ट.

त्याच दिवसांत आमच्याकडे एक वेगळंच काम आलं होतं. मांजरेच्या काठी एका कंत्राटदाराला माणसं आणि जनावरं पलीकडे न्यायला मोठी नाव बांधायची होती, मिरगाच्या आधी, नदीला पाणी चढायच्या आत. चोवीस फूट लांब, सात फूट रुंद. मुंबईच्या नावांपुढं ही म्हणजे म्हैसच, पण अप्पांना तिचा भारी आनंद. "आपल्या मुलखाची पहिली नाव," असं येईल त्याला सांगायचे. फरशीवर ती उतरली, मी नजर दिली, मापं लिहिली. मग अप्पा मला म्हणाले, "माय, ही मापं आपल्याकडच्या सुतारांच्या हातात जायलीत. त्यांनी जन्मभर बैलगाड्या आन दारं केली, त्यांना काय ठाव? कोपऱ्यात लाल शाईनं लिही, ही रुंदी अर्धी हाय, दुप्पट करून घ्या. मराठीत लिही, कानडीत लिही, उर्दूत लिही." आमच्याकडे तिन्ही भाषांत लिहिल्याशिवाय गोष्ट सांगितली असं होतच नाही. मी व्हय म्हटलं. लाल शाई नेहमी शेवटी, काळी वाळल्यावर.

काळी शाई वाळत होती आणि पाहुणे दारात आले. दुपारी येणार होते ते सकाळीच. मास्तर, त्याची थोरली बहीण आणि एक चुलता. वैनीनं मला दंडाला धरून आत ओढलं. "तोंड धू आधी! भुतावाणी दिसायलीस." लुगडं बदललं, वेणी घातली, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता त्याच्या बशा घेऊन बाहेर आले. बहिणीनं नेहमीचे प्रश्न विचारले, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. मी म्हटलं, शिवण येत नाही, नाव येते. चुलत्याला ठसका लागला आणि वैनीनं माझ्याकडं असं काही बघितलं की विचारू नका.

मास्तर मात्र उठून फरशीजवळ गेला. कुणी न सांगता चपला काढल्या त्यानं. मला तिथंच तो आवडला, खोटं कशाला बोलू? बिदरचे मोठमोठे लोक आमच्या रेघांवरून बूट घालून चालत जायचे.

"ही अर्धीच कामून हाय?" त्यानं मला विचारलं.

"दुसरी कूस हिच्यावाणीच असते. कशाला काढायची?"

"आन ही बरोबर हाय का चूक, ते कसं कळतं?"

मी म्हटलं, खाली पडून बघावं लागतं. मला वाटलं हसेल. तर हा बाबा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यानिशी पालथा पडला, गाल टेकवला आणि एक डोळा मिटून बघत राहिला. "मला तर समदं नीटच दिसायलंय," म्हणाला.

"म्हणून तर मी हाय," मी म्हटलं.

उठला तेव्हा त्याच्या अर्ध्या तोंडाला काजळी, सदऱ्यावर खडू. मला हसू आवरेना, तोही हसला. मग हळूच, बहिणीला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "मंठाळात बी अशी फरशी टाकता येईल की. तुमी काम सोडावं असं कायी न्हाई." चार वाक्यं बोललो असू आम्ही. पण माझ्याशी बाहेरचं कुणी माझ्या कामाबद्दल इतकं नीट बोललेलं ते पहिलंच. दुसऱ्या दिवशी वैनीनं विचारलं, कसा वाटला? मी म्हटलं, बरा हाय. वैनी पदर तोंडाला लावून हसली, कारण माझ्या तोंडून कुणाला बरा म्हणणं म्हणजे दिवाळीच.

अप्पा पाहुण्यांना म्हणाले होते, संक्रांतीनंतर कळवतो. आणि मी आत सुशीला वाढत असतानाच कंत्राटदाराचा माणूस आला होता. अण्णानं वाळलेला नक्शा गुंडाळून त्याच्या हातात दिला होता. लाल शाईची दौत खिडकीत तशीच राहिली. मला ती आठवलीही नाही. तेव्हा नाही, त्या रात्री नाही, पुढचे दोन महिने नाही. मी फरशीवर गाल टेकवला की मला तो सदऱ्यावरचा खडू आठवायचा.

संक्रांत झाली आणि कंत्राटदार स्वतः आला. दारातूनच ओरडला, "अप्पा, चलो, देखो आके! डोंगी बनी है की नाली बनी है?"

आम्ही चौघंही गेलो. मांजरेच्या काठी वाळूत ती उभी होती. चोवीस फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. सुरेख घासलेली, सांधे असे की केस जाणार नाही. पण रुंदी बघाल तर दोन बायका शेजारी बसल्या तर एक पाण्यात पडेल. काठावर चार गावांचे लोक जमले होते आणि पोट धरधरून हसत होते. एक म्हणाला, ही म्हशीला न्यायची नाव का म्हशीला पाणी पाजायची? थोरला सुतार बिचारा हात जोडून उभा. "आमाला बी वाटलं हुतं हो," तो अप्पांना म्हणाला, "पण मुंबईच्या हाताचा नक्शा. आपण शाणपणा कामून करावा? आकडा हाय तसं कापलं."

अप्पांनी नक्शा मागितला. वाळूवर पसरला. कोपऱ्यात बघितलं. कोपरा कोरा. मी शेजारीच उभी होते, खिडकीतली लाल शाईची दौत मला आत्ता आठवली. नक्शावरचं अक्षर माझं, सगळ्यांना ठाऊक. अप्पांनी मान वर केली ती माझ्याकडं नाही, कंत्राटदाराकडं. "चूक माझी," म्हणाले. "मी लिवायला इसरलो. नवी नाव हुईपर्यंत मी हितंच ऱ्हातो. मिरगाआधी देतो." तीस वर्षांत ज्या माणसाच्या नक्शाला कुणी नाव ठेवलं नव्हतं त्याला लोकांनी त्या दिवशी तोंडावर नालीवाला म्हटलं, आणि तो खाली बसून नक्शा गुंडाळत राहिला.

आम्ही घरी आलो. मी जेवण वाढताना म्हटलं, "अप्पा, चूक माजी हुती." ते म्हणाले, "तुज्या हातनं झाली म्हंजे माज्याच हातनं झाली की. बस, जेव." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडून मोकळी झाले असते. तसं काही झालं नाही, ते ताक मागून जेवत राहिले.

त्याच आठवड्यात मंठाळहून मास्तराच्या बहिणीचं पत्र आलं. मुलगी पसंत आहे, वैशाखात उरकून टाकू, होय का नाही ते लगोलग कळवा. नवी नाव फरशीवर पुन्हा काढायची होती, कारण कंत्राटदारानं आता ती थोडी छोटी मागितली होती. मग मिरगापर्यंत काठावर राहून सुतारांकडून एकेक फळी बसवून घ्यायची. अप्पांची नजर तेव्हा पहिल्यासारखी राहिली नव्हती, हे घरात आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वैनी म्हणाली, "ती नाव हुईल, न्हाई तर बुडंल. तू आधी तुजं बघ." अप्पांनी मला फरशीजवळ बोलावलं. अण्णा होता, वैनी होती. पत्र हातात घेऊन म्हणाले, "सांग माय. काय कळवू?"

आता मी काय सांगावं? मला जायचं होतं. मला मंठाळला जायचं होतं, त्या माणसाबरोबर, त्याच वैशाखात. पण माझ्यापायी या माणसाला चार गावांनी हसलं होतं आणि तो म्हातारपणी वाळूत पालं टाकून राहणार होता. असं असताना मी कुठल्या तोंडानं म्हणू, माझं लग्न करा? मी म्हटलं, "ही नाव उतरू द्या. मग बघू लग्नाचं."

मी हे म्हटलं आणि वाट बघत राहिले. मला वाटलं, अप्पा आता रागावतील. म्हणतील, शाणी झालीस का? नावा कायमच्याच हायत, तू आधी लग्न करून जा. बाप म्हणतात तसं काहीतरी. एवढं एकदाच म्हणायचं होतं त्यांनी. मी लगेच हो म्हणणार होते, आढेवेढे न घेता.

अप्पा म्हणाले, "बरं." आणि अण्णाकडं वळून म्हणाले, "तिनं सांगितलं म्हंजे झालं. मिरगानंतर बघू म्हणून लिही."

वैनीनं कपाळावर हात मारला. अण्णानं पत्र लिहिलं. मी फरशीवर पडले आणि नजर लावली.

मंठाळवाले थांबले नाहीत. कशाला थांबतील? नाही म्हणायचंय पण तोंडानं म्हणवत नाही, असंच त्यांना वाटलं असणार. वैशाखात वैनी माहेरच्या लग्नाला म्हणून उदगीरला गेली आणि आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पीठ मळताना म्हणाली, "मास्तराचं उरकलं. नवरी भालकीची हाय. तूच पायाव धोंडा मारून घेतलास." मी म्हटलं, असू दे. आणि दुपारच्या गाडीनं काठावर गेले, कारण उजव्या कुशीच्या फळ्या बसवायच्या होत्या.

नाव मिरगाच्या आधी उतरली. देखणी झाली होती. काठच्या बायकांनी नावेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आम्हा चौघांना तिच्यात बसवून पलीकडं नेऊन आणलं. जन्मात मी नावेत बसले ती तेवढीच. अप्पांनी पाण्यात हात बुडवला होता आणि लहान पोरावाणी हसत होते. लोक त्यांच्या पाया पडत होते, तेच लोक. मला आनंद झाला नाही असं नाही, पण मला सारखं वाटत होतं की कुणीतरी विचारावं, का गं, गप्प का? कुणी विचारलं नाही.

पुढं दोन ठिकाणं आली. मी चिडूनच नाही म्हटलं. अप्पांनी तेही तसंच ऐकलं. मग कुणी यायचंच थांबलं. मुंबईला नावा काचेच्या धाग्याच्या, साच्यातून निघायला लागल्या, नक्शे परदेशातून येऊ लागले, आमच्याकडची पत्रं महिन्याची सहा महिन्यांवर गेली. अण्णा आणि वैनी पोरांच्या शिक्षणासाठी हैदराबादला गेले. जाताना वैनी माझ्या गळ्यात पडून खूप रडली. मला म्हणाली, चल आमच्यासंगं. पण अप्पा घर सोडेनात, आणि त्यांना टाकून मी कुठं जाणार? मग त्या लांबलचक खोलीत दोघंच. ते बाजेवर, मी उंबऱ्याजवळ. एकेक दिवस असा जायचा की आम्ही मिळून दहा शब्द बोललो नसू. भांडायला तरी वैनी पाहिजे होती, असं वाटायचं. एकटं राहण्यापेक्षा दोघांत एकटं राहणं वाईट, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नाही, कारण बघणाऱ्याला वाटतं, आहे की बाप सोबतीला.

अप्पांच्या शेवटच्या वर्षी मुंबईच्या एका जुन्या मालकाचा मुलगा मुद्दाम फरशी बघायला आला. शहाणा, नम्र माणूस. माझ्याकडून सगळं समजून घेतलं, पालथं पडून नजर कशी लावायची तेही विचारलं. मग अप्पांच्या बाजेशी बसला. अप्पांना तेव्हा अंधुक दिसायचं, पण माणूस आला की बोलायला उत्साह यायचा. बोलता बोलता पाहुण्यानं विचारलं, "ताईंनी लग्न नाही केलं?"

"न्हाई केलं तिनं," अप्पा म्हणाले. आवाजात केवढा अभिमान! "तिला नावंचाच नाद. एक चांगलं ठिकाण आलं हुतं, मास्तर हुता. मी इचारलं तिला, समद्यांच्या म्होरं इचारलं. तिनं सांगितलं, आधी नाव. मी जबरदस्ती केली न्हाई. लोक पोरींचं ऐकून घेत न्हाईत, मी घेतलं. जन्मभर तिच्या शब्दाभाईर गेलो न्हाई."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. या तोंडानं मी चुलत्यांना, पाहुण्यांना, कंत्राटदाराला, कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. आणि आता ओठावर आलं होतं सगळं. नाद कसला, अप्पा? मला तो हवा होता. मला जायचं होतं. तुम्ही एकदा नुसतं कामून म्हणाला असतात.

अप्पांनी मान माझ्या चाहुलीकडं वळवली. "व्हय का न्हाई गं, माय?"

"व्हय, अप्पा," मी म्हटलं.

"बघा," ते पाहुण्याला म्हणाले, आणि समाधानानं उशीला टेकले.